अँटिव्हायरस ‘डिसेबल’ करूनही नेट येत नाही, म्हणजे दोष त्याचा नाही का?

आधी एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. घरी फायबरचं कनेक्शन आहे, मोबाइल आणि टीव्हीवर नेट व्यवस्थित चालतं. फक्त विंडोज ११ च्या लॅपटॉपवर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण ‘नो इंटरनेट’ येतं. जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून तो काढला, दुसऱ्या कंपनीचा टाकला, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. काही साइट उघडतात, काही नाही. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो आणि वरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवरचा शेअर केलेला फोल्डर उघडत नाही. अँटिव्हायरस डिसेबल करून पाहिला, फरक पडला नाही. मग दोष त्याचा नाही असं धरायचं का?

नाही. डिसेबल करून फरक पडला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊन तुम्ही बंद करता ते फाइल तपासण्याचं काम. नेटवर्कवर बसलेला भाग वेगळा असतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’ नावाची यंत्रणा आहे. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तिच्यातून जातं, आणि अँटिव्हायरस, व्हीपीएन, मुलांसाठीचं पॅरेंटल कंट्रोल अशी सगळी मंडळी तिथे आपापली गाळणी लावतात. काही जण त्याशिवाय थेट नेटवर्क अडॅप्टरवर (वाय-फाय किंवा केबल जोडणाऱ्या भागावर) आणखी एक ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारा छोटा प्रोग्रॅम, चढवतात. हे ड्रायव्हर मशीन सुरू होतानाच लोड होतात आणि ‘१५ मिनिटांसाठी बंद’ म्हटल्याने उतरत नाहीत. सोसायटीचा वॉचमन घरी गेला म्हणून गेटचं कुलूप निघत नाही, तसंच हे. तुमच्याकडे तर दोन कुलपं असण्याची शक्यता आहे: नव्याचं एक, आणि नीट न निघालेल्या जुन्याचं दुसरं.

सिक्युरिटी सॉफ्टवेअरमुळे नेट जातं ही अफवा नाही. ८ जुलै २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधली, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतली, एक गंभीर त्रुटी बुजवणारं अपडेट दिलं. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी शोधलेली ती त्रुटी. अपडेटनंतर विंडोज डीएनएसची प्रत्येक विचारणा वेगवेगळ्या, अंदाज न लागणाऱ्या पोर्टवरून (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारावरून) पाठवू लागलं. झोनअलार्म ही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा तपासून अडवणारा प्रोग्रॅम, तेव्हा खूप वापरात होती. तिला हा बदल ओळखता आला नाही आणि तिच्या वापरकर्त्यांचं नेटच बंद पडलं. विंडोजचंही बरोबर, फायरवॉलचंही तिच्या परीने बरोबर, मध्ये अडकला तो वापरणारा. २१ एप्रिल २०१० ला मॅकअॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही सिस्टिमची स्वतःची फाइलच व्हायरस ठरवली. मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली, नेटवर्क गेलं. म्हणून नेट गेलं की माझा पहिला प्रश्न असतो, काल-परवा काय बदललं? विंडोजची अपडेट हिस्टरी आणि अँटिव्हायरसचा स्वतःचा लॉग, दोन्हीकडच्या तारखा पाहा. अर्धं उत्तर बहुतेक तिथेच मिळतं.

असं असलं तरी संशयावरून लगेच अँटिव्हायरस उडवायला धावू नका. माझ्याकडे ‘अँटिव्हायरसने नेट खाल्लं’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींत तो निर्दोष निघतो. पॅकेट नेमकं कुठपर्यंत जातं आणि कुठे अडतं, एवढं आधी शोधायचं.

मोबाइलवर नेट चालतं म्हणता, तेव्हा मोबाइल डेटा बंद होता ना? वाय-फाय मेलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि आपण राउटरला क्लीन चिट देऊन मोकळे होतो. डेटा बंद करून पुन्हा पाहा. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर पुढचं काही वाचू नका, थेट कनेक्शनवाल्याला फोन करा.

दोष लॅपटॉपचाच आहे हे पक्कं झालं की कमांड प्रॉम्प्ट उघडा. कमांड मी इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी. ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा सोडून स्लॅश, मग ‘ऑल’. वाय-फायच्या भागात आयपीव्ही४ पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. पत्ता मागण्याचं काम यूडीपी ६७ आणि ६८ या पोर्टवर चालतं. वाय-फायचा सिग्नल चांगला असताना आणि बाकी उपकरणांना पत्ता मिळत असताना याच एका मशीनला मिळत नसेल, तर फायरवॉलवर किंवा अडॅप्टरवर बसलेल्या ड्रायव्हरवर माझा संशय जातो.

पत्ता नीट असेल तर ‘डिफॉल्ट गेटवे’ समोरचा आकडा, म्हणजे राउटरचा पत्ता, घ्या. जिओच्या राउटरवर तो बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, इतर ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्याला ‘पिंग’ करा, म्हणजे ‘पिंग’ लिहून पुढे तो पत्ता टाका आणि उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ ला, हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. मग गूगलच्या साइटला नावाने. या तीन पिंगमधून जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही ‘नेटवर्क रिपेअर’ टूलमधून कळत नाही.

राउटरच उत्तर देत नसेल, पण पत्ता मिळालेला असेल, तर अडथळा बहुधा मशीनच्या आत आहे. राउटर आणि ८.८.८.८ दोन्ही उत्तर देतात पण नावाने पिंग होत नाही, तर प्रश्न डीएनएसचा. बऱ्याच सिक्युरिटी पॅकमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ किंवा ‘वेब प्रोटेक्शन’ असतं, ते नावांची विचारणा स्वतःकडे वळवून घेतं. ते अर्धवट निघालं की विचारणा कुठेच पोचत नाही. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करून पाहा. आणि तिथे तुम्ही न टाकलेला अनोळखी पत्ता दिसला तर तो बदलून पुढे जाऊ नका, आधी पूर्ण स्कॅन करा. डीएनएसचेंजर नावाचं मालवेअर हेच करायचं: मशीनचा, कधी राउटरचाही, डीएनएस पत्ता बदलून टाकायचं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली, एस्टोनियात अटका झाल्या. बाधित मशीनचं नेट एकदम तुटू नये म्हणून त्या ठगांच्या सर्व्हरच्या जागी न्यायालयाच्या परवानगीने साफ सर्व्हर चालवले गेले, ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. तोपर्यंत ज्यांनी मशीन साफ केली नव्हती त्यांचं नेट त्या दिवशी गेलं. म्हणजे तक्रार ‘नेट गेलं’ एवढीच, आणि मूळ कारण कितीतरी महिने आधीचं.

तिन्ही पिंग जातात आणि तरी ब्राउझर ढिम्म, तर दोन जागा तपासायच्या. पहिली प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला दलाल. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’. तिथे १२७.०.०.१ आणि पुढे एखादा पोर्ट लिहिलेला असेल, तर ब्राउझर आपलं सगळं काम याच मशीनवरच्या एखाद्या प्रोग्रॅमकडे पाठवतो आहे. तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि सेटिंग तशीच राहिली की ब्राउझर बंद दारावर थापा मारत बसतो. व्हॉट्सअॅप चालतं, साइट उघडत नाही, अशा तक्रारीत मी आधी इथे पाहतो.

दुसरी जागा एचटीटीपीएस स्कॅनिंग. साइट आणि ब्राउझर यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो, तो अँटिव्हायरसला दिसत नाही. म्हणून अनेक अँटिव्हायरस स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारं मूळ ओळखपत्र) विंडोजमध्ये बसवतात, मधल्या मध्ये कुलूप उघडतात, तपासतात आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे देतात. बँकेची साइट उघडून पत्त्याजवळच्या चिन्हावरून सर्टिफिकेट पाहा. ‘इश्यूड बाय’समोर तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल, तर हेच चाललं आहे. फायरफॉक्स सर्टिफिकेटची यादी स्वतःची ठेवतो. त्यामुळे क्रोममध्ये उघडणारी साइट फायरफॉक्समध्ये सुरक्षेचा इशारा देऊन अडायची. २०१९ मध्ये आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून असा प्रकार लक्षात आला की फायरफॉक्स विंडोजची यादी आपणहून वापरून बघतो, त्यामुळे हा त्रास आता कमी झाला आहे. माझं मत विचाराल तर घरच्या मशीनवर एचटीटीपीएस स्कॅनिंग बंदच ठेवावं. ब्राउझरची स्वतःची सुरक्षा आता पुरेशी चांगली आहे, आणि बँकेच्या व्यवहारात तिसरा माणूस कशाला?

सर्टिफिकेटच्या चुका सगळ्याच साइटवर येत असतील तर आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि मग प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट चुकीचं वाटायला लागतं. छोट्याशा सेलपायी लोकांनी अख्खं विंडोज पुन्हा टाकलेलं मी पाहिलं आहे.

‘नो इंटरनेट’ या शब्दांवरही फार विश्वास ठेवू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरची छोटी टेक्स्ट फाइल आणून बघतं. ती मिळाली तर इंटरनेट आहे, नाही तर नाही. अँटिव्हायरसने, व्हीपीएनने किंवा जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसने तेवढाच पत्ता अडवला तर साइट उघडत राहतात आणि चिन्ह मात्र ‘नाही’ म्हणत राहतं. गोची अशी की आउटलुकसारखे काही प्रोग्रॅम त्या चिन्हाचंच ऐकतात.

आता प्रिंटर आणि फोल्डर. हा बहुतेक वेगळाच बिघाड आहे. दोन्ही एकाच दिवशी दिसले म्हणून एकाच कारणाचे असतील असं नाही. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवतं. नवीन वाटलेलं नेटवर्क तुम्ही काही सांगितलं नाही तर पब्लिक, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायसारखं धरलं जातं आणि घरातल्या इतर मशीनना दार बंद होतं. वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. पण काम इथे संपत नाही. नव्या अँटिव्हायरसला स्वतःची फायरवॉल असेल तर तिची ‘ट्रस्टेड’ किंवा ‘होम’ अशी वेगळी सेटिंग असते, आणि ती कुठल्या तरी तिसऱ्याच पानावर दडलेली असते. विंडोजमध्ये प्रायव्हेट, अँटिव्हायरसमध्ये पब्लिक, अशा घरात शेअर केलेला फोल्डर उघडत नाही. फोल्डर शेअरिंगला टीसीपी ४४५ लागतो, बहुतेक नेटवर्क प्रिंटरना ९१००, आणि एकमेकांना शोधायला यूडीपी ५३५३ व ३७०२. ते घरापुरते उघडे हवेत. डेस्कटॉपला पिंग करून उत्तर आलं नाही तर घाबरू नका. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला एरवीही उत्तर देत नाही.

प्रिंटरसाठी एक सोपी चाचणी आहे. प्रिंटरच्या स्क्रीनवरून किंवा त्याच्या रिपोर्ट पानावरून आयपी पत्ता घ्या आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं पान उघडलं तर दोघांमधली वाट मोकळी आहे. मग विंडोजमध्ये नोंदलेला जुना पत्ता किंवा पोर्ट चुकला असेल. वीज जाऊन आली, राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला, लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारतो आहे, हे आपल्याकडे नेहमीचं. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की झालं. पान उघडलं नाही तर दोघांचे पत्ते शेजारी ठेवून बघा. एक १९२.१६८.०.५ आणि दुसरा १९२.१६८.१.७ असेल तर घरात दोन राउटर आहेत: एक कनेक्शनवाल्याचा, दुसरा तुम्ही वरच्या मजल्यासाठी आणलेला. तो राउटर म्हणून नव्हे, ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवायला हवा. प्रिंटर ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असेल तरी असंच होतं. यात अँटिव्हायरसचा काही संबंध नाही.

फोल्डरच्या बाबतीत विंडोजही कडक झालं आहे. फोल्डर शेअरिंगच्या एसएमबी या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतून पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरचा धुमाकूळ मे २०१७ चा. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉल नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये येईनासा झाला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी सायनिंग (प्रत्येक निरोपावर खरेपणाची सही) सक्तीचं झालं, आणि प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून आत जाणंही बंद झालं. जुन्या नॅसचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्याचा) किंवा पासवर्ड नसलेल्या शेअरचा फोल्डर अचानक उघडेनासा झाला, तर अँटिव्हायरसला शिव्या देण्याआधी विंडोजची आवृत्ती बघा. आणि उपाय म्हणून एसएमबी १ परत चालू करू नका. डेस्कटॉपवर पासवर्ड असलेलं एक खातं करा, त्या खात्याने शेअर उघडा.

एवढं करूनही संशय अँटिव्हायरसवरच राहिला, तर पुरावा एकच: तो पूर्ण काढून बघणं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर इथेच थांबा आणि तुमच्या आयटीवाल्यांना सांगा.

काढण्याआधी नव्या अँटिव्हायरसचा इन्स्टॉलर आणि लायसन्स की जपून ठेवा. मग दोन्ही कंपन्यांची, म्हणजे जुन्याचीही, साफसफाईची टूल्स दुसऱ्या मशीनवरून उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. मॅकअॅफी, नॉर्टन, कॅस्परस्की, अॅव्हास्ट, ईसेट अशा बहुतेकांची अशी टूल्स आहेत. ती फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. पलीकडचा माणूस आधी एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवू देणारं अॅप) टाकायला सांगतो, आणि नंतर बँक खातं रिकामं होतं. काही टूल्स सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. तिथे जाताना विंडोज ११ बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे मोबाइलवरून आधीच पाहून ठेवा.

सेफ मोड ही स्वतःच एक चांगली चाचणी आहे. ‘सेफ मोड विथ नेटवर्किंग’ निवडा, वाय-फायच्या भरवशावर न राहता राउटरला केबलने जोडा, आणि नेट चालतं का बघा. तिथे बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक ड्रायव्हर लोड होत नाहीत. तिथे नेट चाललं आणि केबल तशीच ठेवून नेहमीच्या मोडमध्ये चाललं नाही, तर दोषी बाहेरचंच काहीतरी आहे.

मग सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल, त्यानंतर साफसफाईचं टूल, आणि मग ‘रीस्टार्ट’. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा ड्रायव्हरसकट डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. हे माहीत नसल्याने ‘काढून पाहिला तरी तेच’ असं सांगणारे खूप भेटतात.

रीस्टार्टनंतर ‘रन’मध्ये ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाका, वाय-फायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. जी यादी उघडते तिच्यात काढलेल्या अँटिव्हायरसचं नाव अजून दिसत असेल, तर तीच राहिलेली गाळणी. तिची खूण काढा. ‘एनपीकॅप’ दिसलं तर ते बहुधा वायरशार्क या नेटवर्क तपासण्याच्या प्रोग्रॅमबरोबर आलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या नावाच्या ओळींना हात लावू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या व्हीपीएनचा अडॅप्टर पडून असेल तर तोही काढा. व्हीपीएनचा ‘किल स्विच’ (व्हीपीएन तुटलं की नेट अडवणारी सोय) अर्धवट राहिला तरी नेट असंच अडतं.

यानंतरही काही बिनसलेलं असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश विनसॉक रिसेट’, मग ‘नेटश इंट आयपी रिसेट’, आणि रीस्टार्ट. नेटशचं स्पेलिंग एन-ई-टी-एस-एच. दुसऱ्या कमांडने हाताने टाकलेले आयपी पत्ते पुसले जातात, ते आधी लिहून घ्या. सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रिसेट’ अगदी शेवटी. त्याने सगळे अडॅप्टर निघून नव्याने बसतात, व्हीपीएन पुन्हा टाकावं लागू शकतं, आणि घरचं नेटवर्क पुन्हा पब्लिक होऊ शकतं. नेट आलं पण प्रिंटर पुन्हा गेला, असं झालं तर गोंधळू नका, वरची प्रायव्हेटची पायरी परत करा.

या सगळ्या काळात मशीन उघडं पडत नाही. बाहेरचा अँटिव्हायरस गेला की विंडोजचा डिफेंडर आणि फायरवॉल आपणहून चालू होतात. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून हिरव्या खुणा तेवढ्या पाहून घ्या. एक-दोन दिवस तसंच वापरा. सगळं सुरळीत राहिलं तर नवा अँटिव्हायरस परत टाका, पण त्याची फायरवॉल आणि एचटीटीपीएस स्कॅनिंग न घेता. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक बटण चालू ठेवायलाच हवं असं नाही. खरं तर घरच्या वापराला डिफेंडर पुरतो असं माझं मत आहे, पण मुदत शिल्लक असताना कोणी ऐकत नाही.

मॅक वापरणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकओएस सेकोया आलं तेव्हा काही सिक्युरिटी सॉफ्टवेअर असलेल्या मॅकवर नेटवर्कचे असेच घोळ झाले, आणि १५.०.१ मध्ये अॅपलला दुरुस्ती द्यावी लागली.

तुमच्या लक्षणांवरून माझा अंदाज असा: नेट अडतंय ते जुन्या अँटिव्हायरसच्या उरलेल्या ड्रायव्हरमुळे, आणि प्रिंटर-फोल्डर गेलेत ते नव्याच्या फायरवॉलने घरचं नेटवर्क पब्लिक धरल्यामुळे. अंदाज चुकला तर पुढच्या वेळी एवढं कळवा: आयपीव्ही४ पत्ता आणि गेटवे, तिन्ही पिंगचं उत्तर, प्रॉक्सीच्या पानावर काय दिसतं, अडॅप्टरच्या यादीतली सगळी नावं, आणि प्रिंटरचा पत्ता. वाय-फायचा पासवर्ड आणि लायसन्स की मात्र पाठवू नका, फोटोतही नाही.